सोलून काढलेली गाठ

मोठे साहेब म्हणजे स्वतःच्याच हातावर लट्टू झालेला माणूस. चीर कशी छोटी, टाका कसा बारीक, हेच पुराण रोज. हाताखालच्या सर्जनबाईंना ते ऐकून ऐकून वीट आला होता.

वॉर्डात दाखल झालेल्या एका शिंप्याचं पोट वर्षभर वाढत होतं. गडी आपल्याच विजारी कमरेत सैल करत बसला आणि बायको म्हणत राहिली, “खा अजून!” निघाली ती आतड्यामागची चरबीची गाठ, कलिंगडाएवढी, डाव्या किडनीला बिलगलेली. कॅन्सरच, पण लाखात एखाद्याला होणारा.

बाईंनी बैठकीत सांगून पाहिलं, “सर, ही गाठ फोडायची नाही. किडनी आणि आतड्याचा तुकडा घेऊन अख्खी उचलायची. पहिल्या वेळीच जमलं तर जमलं.”

“धडधाकट किडनी कापू? आपण सर्जन आहोत की खाटीक?” साहेब म्हणाले. सगळे खी खी हसले. होयबांना तिथे काय तोटा!

ऑपरेशनच्या टेबलावर साहेबांनी आपलंच खरं केलं. गाठीच्या सालीत बोटं घातली आणि वाटाणा सोलावा तशी ती सोलायला घेतली. गाठ फुटली, तुकडे ओघळले.

“सर, साल आत राहतेय. ती पुन्हा वाढणार.”

“तुम्ही आतडं बाजूला धरा. शिकवू नका.”

बाईंनी निमूट आतडं धरलं. मनातल्या मनात मात्र साहेबांचा यथेच्छ उद्धार केला. काय पण मिजास! माणूस मेला तरी चालेल, नाव राहिलं पाहिजे.

काढलेली गाठ ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायची, ही साहेबांची जुनी हौस. दाराशी शिंप्याची बायको उभी होती. “बघा, सगळी काढली! किडनीला धक्कासुद्धा नाही.” तिने भरल्या डोळ्यांनी हात जोडले. साहेब खुशीत चहाला गेले.

बाईंना राहवेना. “ताई, सगळी नाही निघाली. तिची साल आतच आहे. ती परत येईल, आणि तेव्हा अशी एका जागी सापडायची नाही.”

बायकोने विचारलं, “तुम्हाला हे आधी माहीत होतं?”

“हो. मी सांगितलं होतं त्यांना.”

“आणि तुम्ही आत होतात?”

“होते.”

“मग बाई, त्यांचा हात का नाही धरलात?”

साहेबांसाठी साठवलेल्या सगळ्या शिव्या बाईंनी मग स्वतःलाच घातल्या.