डावा हात पॉलचा, उजवा व्हॅलेन्सियाचा

मित्रांनो, माझ्यात बसून आजवर कोणी कुठे गेलेलं नाही. मी एक हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी जुनी लाल गाडी आहे. माझी चाकं मोठी आणि अंगाबाहेर आलेली. सीटवर बोटभर उंचीचा प्लास्टिकचा ड्रायव्हर बसवलेला आहे.

माझा जन्म अंधेरीच्या मरोळ गावठाणात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. पॉलचा मोठा भाऊ आखातात नोकरीला होता. तो सुट्टीवर येताना मला एका खोक्यातून घेऊन आला, तेव्हा मी नुसती सुट्या भागांची पुडकी होते. पॉल एका औषधाच्या कारखान्यात फिटर होता. पाळी संपवून आला की हात स्वच्छ धुवायचा आणि मला जोडायला बसायचा. शेवटी त्याने माझ्या ड्रायव्हरला बारीक ब्रशने मिशा काढल्या आणि मला दारासमोरच्या गल्लीत ठेवलं.

त्या दिवसाचं नवल मला अजून वाटतं. पॉल लांब उभा होता, आमच्यामध्ये दोरी नव्हती की तार नव्हती, तरी त्याच्या मनात आलं आणि मी धावले. हे कसं होतं, याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला. विचार करायला मला वेळही पुष्कळ मिळाला, कारण पुढे पॉलचं तेरेसाशी लग्न झालं, घरात व्हॅलेन्सिया जन्मली, माझी बॅटरी मेली आणि तसली बॅटरी इथे कुठे मिळेना. माझी जागा काचेच्या कपाटात, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांशेजारी ठरली. तेरेसा दर नाताळच्या आधी मला पुसायची. बाकी वर्षभर मी नुसती दिसत असायचे.

व्हॅलेन्सिया मोठी झाली आणि गोरेगावला एका स्टुडिओत आवाज मुद्रित करण्याच्या कामाला लागली. एका रविवारी कामावर जाताना तिला जवळच्या शाळेच्या बास्केटबॉल कोर्टावरून मोटरींची गुणगुण ऐकू आली. तिने आत डोकावलं, तर पाण्याचे पाइप अंथरून वळणावळणाचा रस्ता आखलेला आणि त्यावर माझ्यासारख्याच जुन्या घाटाच्या गाड्या पळत होत्या. हे सगळं श्रुतिकाने सुरू केलं होतं. ती मेट्रोच्या सिग्नलची कामं बघणारी इंजिनियर.

"एवढ्या हळू का पळवता?" व्हॅलेन्सियाने विचारलं.

"मुद्दाम," श्रुतिका म्हणाली. "आधी आमच्याकडे फास्ट गाड्यांची शर्यत असायची. ज्याची मोटर भारी, तो जिंकणार. मग बाकीचे यायचेच बंद झाले. शेवटी चौघं उरलो. तेव्हा ठरवलं, गाडीचं रूप जुनं पाहिजे, मोटर सगळ्यांची एकच, साधी. बॅटरी तीच, टायर तेच. आणि आपली शर्यत झाली की वळणावर उभं राहायचं, दुसऱ्याची गाडी उलटली की सरळ करायला."

"आणि आता किती जण येतात?"

"आता कोर्ट पुरत नाही," श्रुतिका हसली.

त्या संध्याकाळी कपाटाचं दार उघडलं. व्हॅलेन्सियाने मला टेबलावर ठेवलं आणि पॉल माझ्यासमोर बसला. त्याने मला उचललं तेव्हा मी खडखडले. आधी वाटलं, माझंच काहीतरी सैल झालं असेल. पण खडखड माझी नव्हती. पॉलचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टर त्याला कंपवात म्हणतात, हे मला नंतर समजलं.

"स्क्रू तू फिरव, बाय," पॉल म्हणाला. "कुठला, ते मी सांगतो."

नवी मोटर, नवी बॅटरी आणि नवा रिमोट बसवून आम्ही रविवारी कोर्टावर गेलो. आता रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हाताच्या बोटाने खटका ओढला की गाडी पळते, पुढे ढकलला की थांबते, आणि उजव्या हाताने एक छोटं चाक फिरवून तिला वळवायचं. पॉलने खटका ओढला आणि मी इतक्या वर्षांनी धावले. पण वळणं मला समजेनात. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, असं होत होत मी पाइपावर आपटले. पॉलने आणखी एकदा करून पाहिलं. मग रिमोट लेकीच्या हातात दिला आणि पायरीवर जाऊन बसला.

व्हॅलेन्सिया मला नीट वळवायची, पण थांबवायला नेहमी उशीर करायची. पहिल्या शर्यतीत आम्ही सगळ्यांच्या मागे राहिलो. मला उचलून ती पायरीपाशी आली आणि वडिलांकडे पाहून थबकली. कोर्टावर दुसऱ्यांची शर्यत चालू होती आणि पॉलच्या डाव्या हाताचं बोट मांडीवर हलत होतं. गाड्या वळणावर आल्या की ते सैल पडायचं, वळण सुटलं की पुन्हा घट्ट व्हायचं. त्याचं त्याला भानही नव्हतं.

"डॅडी, तुमचा डावा हात ठीक आहे ना?"

"तो ठीक आहे. एकट्याने काय करणार तो?"

तिने रिमोट त्याच्या डाव्या हातात दिला आणि स्वतः शेजारी चिकटून उभी राहून चाकावर आपला उजवा हात ठेवला. मोकळ्या कोर्टावर त्यांनी मला एक फेरी मारायला लावली. मित्रांनो, मला दोन मनं एकदम कधीच ऐकू आली नव्हती. सुरुवातीला मी गोंधळले. एक म्हणायचं पळ, दुसरं म्हणायचं वळ. पण तिसऱ्या वळणाच्या आसपास ती एकमेकांत मिसळली.

श्रुतिका बघत होती. तिला आवडलं, पण ती अडली. एका गाडीला एकच चालवणारा, असा नियम होता.

"अंकलसाठी सूट देऊ या ना," कोणीतरी म्हणालं.

केयूर पुढे आला. मुलुंडहून येणारा हा हुशार गडी मागच्या वर्षी जिंकूनही बाद झाला होता, कारण तपासणीत त्याची मोटर वेगळी निघाली होती.

"मला बाद केलंत तेव्हा नियम म्हणजे नियम होता," तो म्हणाला. "आता सूट? मग माझंच काय चुकलं होतं?"

पॉल म्हणाला, "पोरगा बरोबर बोलतोय. मला सूट नको." आणि त्याने मला पिशवीत भरायला घेतलं.

केयूरने पिशवीवर हात ठेवला. मग म्हणाला, "अंकल, थांबा जरा. श्रुतिका, एक शर्यत अशी ठेव ना, जिच्यात सगळ्यांनीच दोघादोघांनी मिळून चालवायचं. नियम सगळ्यांना सारखा. मग मी कशावरून भांडणार?"

पुढच्या रविवारी पहिली जोडी शर्यत झाली आणि काय धमाल उडाली म्हणून सांगू. एरवी सफाईने गाडी चालवणारे एकमेकांवर ओरडत होते, "अरे सोड ना यार," "तू वळव आधी." त्यांच्या गाड्या एकमेकींवर चढत होत्या. आमच्याकडे मात्र शांतता होती. पॉल आणि व्हॅलेन्सिया रोज संध्याकाळी गल्लीत सराव करून आले होते. मी सगळ्यांच्या पुढे होते. तेवढ्यात मागून एक गाडी धडकली आणि मी उलटी पडले. वळणावर केयूर उभा होता. त्याने धावत येऊन मला सरळ केलं आणि म्हणाला, "जाऊ द्या अंकल, पळवा."

आम्ही दुसरे आलो. पॉलने ते मरोळमधल्या ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलं.

तेव्हापासून जोडी शर्यत दर महिन्याला होते. केयूर आईला घेऊन येतो. चाक फिरवायचं काम तिचं असतं, आणि आपण मुलाला वळण लावतोय, असं ती सर्वांना सांगते. एकाच हाताने काम भागवणारी शकु नावाची बाई भाचीबरोबर येते. मुलुंडला केयूरने दुसरा गट उभा केला. नियम मात्र तेच आहेत. मोटर अजूनही साधी, आणि तपासणी अजूनही कडक.

या वर्षी पॉलचा डावा हातही थरथरायला लागला. एका रविवारी त्याने रिमोट घेतलाच नाही. खुर्चीत बसून, डोळे माझ्यावर ठेवून तो नुसता बोलत राहिला, "धर... सोड... अजून सोड... आता धर." रिमोट एकट्या व्हॅलेन्सियाच्या हातात होता. शर्यत संपल्यावर श्रुतिका वही घेऊन आली. जोडी शर्यतीत दोघांचीही नावं लिहावी लागतात.

"यात चालवणारं दुसरं कोण?" तिने विचारलं.

"दुसरी मी," व्हॅलेन्सिया म्हणाली. "डॅडी चालवतात. हात माझे आहेत."

श्रुतिकाने वही उघडली आणि पॉलचं नाव आधी लिहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरी काचेआड माझ्यासारखं कोणी असेल, तर त्याला बाहेर काढा, पुसा आणि चालवून बघा. आणि ज्याचं ते आहे, त्या माणसाला 'तुम्हाला आता जमणार नाही' असं म्हणण्याआधी एवढंच विचारा, की त्यातलं काय जमतं. उरलेल्यासाठी तुमचा हात द्या.