होता होता राहिलं

गणराजशी वाकडं न घेण्यात विजयश्रीचा फायदा किती होता, ते आधी बघू. आठवड्याला एक गाणं. साडेचार मिनिटं एक हात पाठीवर, एक हात हातात, आणि वर "व्वा मॅडम, आज पाऊल लई हलकं पडतंय" एवढं एक वाक्य. बस. एवढ्यासाठी शेहेचाळीस वर्षांची, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला असलेली, भल्याभल्यांचा माल परत धाडणारी बाई गप्प बसेल असं कुणाला वाटलं नसतं. पण ज्यांना वाटलं नसतं, त्यांच्या घरी कुणीतरी असतं. विजयश्री कासारवाडीत स्टेशनमागे एका खोलीत एकटी राहायची. आई गेल्यापासून सोमवार ते शनिवार तिला हात लावणारं माणूस एकच, कंपनीच्या गेटवर झडती घेणारी बाई. तीसुद्धा हातमोजे घालून.

रविवारी पाच ते सात 'पाऊलजुळणी' भरायची. जोडीनं नाचणाऱ्यांचा ग्रुप. कुणी परभणीचं, कुणी कणकवलीचं, सगळे नोकरीसाठी आलेले आणि रविवारचं काय करायचं ते न कळलेले. हॉल गणराजचा. गावातलं जुनं घराणं, शेताच्या जागी इमारत उभी राहिली, तिचा वरचा मजला त्यानं ग्रुपला असाच वापरायला दिला होता. माणूस पन्नाशीचा, पण नाचायला लागला की फरशीनंही सरकून वाट द्यावी असा. शेवटचं गाणं तो दर वेळी विजयश्रीबरोबर नाचायचा. बाकी सगळा वेळ ती दारापाशी हजेरीची वही घेऊन बसलेली. जाड चष्म्याच्या जाड बाईला नाचायला बोलवावं, हे इतर कुणाच्या लक्षात येत नसे. वाईट कुणीच नव्हतं हो. लक्षात येत नसे, एवढंच.

दारातली पेटी तिचीच कल्पना. कंपनीत 'निअर मिस'चं कार्ड असतं. अपघात झाला नाही, पण होता होता राहिला, तर ते लिहून टाकायचं. महिन्याला माणशी एक कार्ड सक्तीचं, म्हणून अर्धी कंपनी 'जमिनीवर तेल सांडलेले दिसले' असं लिहून मोकळी होते. तेल कुणी पुसत नाही, ते सोडा. इथेही तसंच करायचं ठरलं. नाचताना काही खटकलं तर चिठ्ठी टाका, नाव लिहू नका, किल्ली फक्त विजयश्रीताईंकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात गणराजनं.

पहिल्या महिन्यात निघालं ते असं : 'पंखा वाजतो.' 'सार्थकने बूट बदलावेत, बोटं चिरडतात.' मग एक आली : 'गणराज सरांचा हात पाठीवरून खाली येतो. सरकलं तर आणखी ओढतात.'

अक्षर दिपालीचं. हजेरीच्या वहीत प्रत्येकजण आपलं नाव स्वतः लिहायचा, त्यामुळे विजयश्रीनं लगेच ओळखलं. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात सारली. नाचात हात सरकतो कधी कधी, तिनं मनाला समजावलं. आपल्याबरोबर तर कधी सरकला नाही. एक पीस ओके निघाला म्हणून लॉट ओके होत नाही, हे ती वीस वर्षं दुसऱ्यांना सुनावत आली होती. स्वतःला सुनावलं नाही.

दिपाली आणखी दोन रविवार आली, मग यायची थांबली.

"शिफ्ट बदलली असेल," विचारणाऱ्यांना विजयश्री म्हणाली.

त्यानंतर स्नेहल आली. तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला, शहरात नवी. तिसऱ्या रविवारी गणराजनं तिच्यापुढे हात केला.

"नको सर, दमलेय."

"दमायला काय झालं या वयात? चल गं!" म्हणत त्यानं मनगट धरून तिला ओढलं.

स्नेहलनं दाराकडे बघितलं. विजयश्रीनं वहीत डोकं घातलं आणि तारखेखाली उगाचच रेघ मारली.

त्या दिवशी पेटीत एकच चिठ्ठी होती. 'मी नको म्हटलं होतं. ताई बघत होत्या.'

गणराजचं त्यात नावसुद्धा नव्हतं.

पुढच्या रविवारी विजयश्री साडेचारलाच हॉलवर गेली. गणराज खुर्च्या कडेला लावत होता.

"या मॅडम! आज लवकर?"

"गणराजभाऊ, आजपासून तुम्ही नाचायला यायचं नाही."

तो हसला. ती हसत नाही हे बघून थांबला. "कुनी काय सांगितलं?"

"नाव विचारायचं नाही, ठरलंय आपलं."

"आवो, शिकवायचं म्हंजी हात लावावाच लागतो. भजन हाय का हे?"

"नको म्हटलं की काढावाही लागतो."

"हॉल कुनाचा हाय?"

"तुमचा."

"मंग?"

"मग आम्ही जातो."

त्यानं तिला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. समोरच्याची नड कुठे आहे ते हेरणं, हा जणू त्याच्या घरचा धंदाच.

"आन् माझ्याबिगर तुमास्नी नाचायला घेतं कोन, सांगा की?"

"कुणी नाही," विजयश्री म्हणाली.

जिन्यातच तिनं सगळ्यांना थांबवून सांगितलं. गणराजनं काय केलं ते, आणि पहिली चिठ्ठी आपण दाबली तेही.

"ताई, आपसात मिटवलं असतं की," मागून कुणीतरी म्हणालं.

"हॉल गेला ना राव," सार्थक म्हणाला.

पेटीची किल्ली तिनं तिथेच स्नेहलच्या हातात दिली. "माझ्याकडे नको. माझ्याकडून नीट सांभाळली गेली नाही."

रात्री दिपालीला फोन केला. दिपालीनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं केलंत ताई. पण मी आता रविवारी झोपते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आता पाऊलजुळणी दापोडीत, ग्रुपमधल्या ज्योतीरामच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरते. नको म्हटलं की विषय संपला, ज्याला ते ऐकू येत नाही त्यानं घरी बसावं, असं पहिल्याच दिवशी सांगतात. येणारे सव्वीस होते, उरले अकरा.

यात कुणाचं काय गेलं? गणराजचं काही नाही. महिन्याभरात दुसऱ्या एका ग्रुपनं त्याला डोक्यावर घेतलं. विजयश्रीनं तिथे फोन केला, तर "बघतो" म्हणाले. पंधराजणांचा रविवार गेला, त्यांनी काही केलं नव्हतं. दिपालीचा नाच गेला. स्नेहल येते, पण नवा माणूस जवळ आला की आधी त्याचे हात बघते. विजयश्री पाच ते सात खांबाला खुर्ची टेकवून बसते, सगळे बिनघोर नाचत असतात. तिला अजून कुणी बोलावलेलं नाही.