नूपुरच्या घोट्यावरचा बिब्बा

मंगळवारी दुपारी गार्गीचा व्हिडिओ कॉल आला. माझी लेक, जावई पुष्कर आणि सात वर्षांची नूपुर दीड महिन्यापूर्वीच नागपूर सोडून फिनलंडला राहायला गेले होते. घर लागलं होतं, शाळा लागली होती, नूपुर तिथल्या भाषेत वीसपर्यंत आकडे म्हणत होती. पण आज गार्गीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिच्या मागे दोन अनोळखी बाया बसल्या होत्या.

"आई, नूपुरच्या घोट्यावरचे ते तीन डाग कशाचे आहेत?"

"सांगितलं होतं ना वं, मच्छर चावले. खाजवलं तिनं."

"मीही ह्या बायांना तेच सांगितलं. पण पोहायच्या तासाला बाईंनी विचारलं, तर नूपुर म्हणाली जाळलं. कोणी, ते सांगतच नाही. म्हणते, आईले सांगायचं नाही. ह्या इथल्या सरकारच्या मुलांच्या खात्यातल्या आहेत. ह्यांना वाटून राहिलं मीच... चौकशी होईपर्यंत नूपुरले दुसरीकडे नेऊ म्हणतात."



नागपुराहून निघायच्या दोन दिवस आधी पोरीचा पाय मुरगळला होता. गार्गीला बिब्ब्याच्या नावाचाही राग. लहानपणी तिला तो उतला होता आणि फोड येऊन धंतोलीच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. पण आमची सारी हयात बिब्ब्यावर गेली, मला का कमी कळतं? गार्गी गांधीबागेत चादरी आणायला गेली तशी मी बिब्ब्यात सुई टोचली, दिव्यावर धरली, काळं तेल सुटलं आणि नूपुरच्या घोट्यावर तीन ठिपके दिले. पोर रडली. "आईले सांगू नको हं, आपलं गुपित," म्हणून हातावर पेढा ठेवला. अशी मी शहाणी.

"गार्गी, मी केलं. बिब्बा घातला. तुले माहीतही नव्हतं."

तिने मागे वळून त्या बायांना ते त्यांच्या भाषेत सांगितलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लेकीचं भाषांतर त्या बायांना चालणार नव्हतं. त्यांनी फोनवर सोनिका नावाची हिंदी दुभाषी जोडली. मी सगळं सांगितलं. सोनिका म्हणाली, "माताजी, पाच मिनट पहले आपने मच्छर कहा था. बेटी को बचाने के लिए माँ कुछ भी बोलेगी, ऐसा इनका कहना है."

बरोबरच होतं त्यांचं. मला माझाच संताप आला.

"अहो, फडताळातला बिब्बा आणा," मी ओरडले. केशवरावांनी काही न विचारता बिब्बा, सुई, दिवा सगळं आणलं. फोन त्यांच्या हाती दिला आणि त्या बायांच्या डोळ्यांदेखत माझ्याच घोट्यावर तीन ठिपके दिले. "उद्या पाहा म्हणावं. तसेच तीन उठतात की नाही."

त्या उद्या बघायला तयार झाल्या, पण नूपुरला घेऊन गेल्या. दारात तिचे पावसाळी बूट गार्गीने चढवले. उजवा डाव्यात, डावा उजव्यात. मला फोनवर दिसलं, तिथे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मी रात्रभर पायाकडे बघत बसले. आग होत होती, पण कातडी जशीच्या तशी. बिब्बा उतू नये म्हणून लोक देवाला हात जोडतात, मी उतावा म्हणून जोडले.

सकाळी घोटा सुजला. दुपारपर्यंत तीन फोड आले, काळे, टपोरे. तिथल्या डॉक्टरने माझा पाय पडद्यावर आणि नूपुरचा समोर ठेवून बराच वेळ पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली.

नूपुर घरी आली. सोबत एक कागदही आला. गार्गीने तो वाचून दाखवला. मुलीला यापुढे आजीजवळ एकटं ठेवणार नाही, असं आईने लिहून द्यायचं होतं. गार्गीचा पेन थांबला.

"आई..."

"कर वं सही. काहून थांबली?"

तिने सही केली. ती वर बघेना. तेवढ्यात नूपुरने फोन ओढला आणि तोंड अगदी जवळ आणलं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "किती विचारलं तरी मी तुझं नाव नाही सांगितलं."

केशवराव फोन घ्यायला पुढे झाले. मी तो त्यांच्या हाती दिला.