अदृश्य कोतवालाची भाकर

उकंडा मनवरच्या लेकीचं, दीपाचं लग्न ज्या उन्हाळ्यात झालं, त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. साल दोन हजार सहा. कापूस वेचून घरात आला होता आणि घरातच पडून होता. पडलेले भाव ऐकून माणसं गाडीला जुंपलेले बैल सोडत होती. अशा दिवसांत दारव्ह्याच्या आठवडी बाजारात, मिरचीच्या ओळीच्या टोकाला, उकंडा भोंगा तोंडाला लावून ओरडत होता.

“आला, आला! ‘अदृश्य कोतवाल’चा सहावा भाग आला! काटा मारनाऱ्या व्यापाऱ्याच्या कानाखाली कोनी वाजवली? कोनालेच नाही दिसला! चित्रायसंगट वाचा, लेकरायले दाखवा!”

उकंडा यवतमाळच्या एका छापखान्यात कामाला होता. लग्नपत्रिका छापून उरलेला कागद मालक त्याला देई, त्याच कागदावर त्याच्या चित्रकथा निघत. म्हणून कोतवालाच्या पुस्तकाची पानं कधी गुलाबी, कधी पिवळी असत. गोष्ट उकंडाची आणि चित्रं मारोतरावांची. मारोतराव दुकानाच्या पाट्या रंगवायचे. गावात फ्लेक्स आले आणि त्यांचे ब्रश सुकले. तेव्हापासून ते कोतवाल काढत. कोतवाल अदृश्य, त्यामुळे फक्त ठिपक्याठिपक्यांनी काढायचा. रंग वाचतो, असं मारोतराव म्हणत.

यवतमाळच्या पुस्तकवाल्यानं उकंडाला सल्ला दिला होता. “उकंडाभाऊ, हे कोतवाल-बितवाल सोडा. शेतकऱ्यायच्या आत्महत्येवर काढा. कॅमेरेवाले रोज येऊन राह्यले, पटापट खपते.”

“रडनं तं लोकायच्या घरीच हाये,” उकंडा म्हणाला होता. “ते इकत कोन घेईन?”

पुस्तकं खपत, अगदीच खपत नव्हती असं नाही. पण उकंडाचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. प्रत्येक भागाच्या शेवटच्या पानावर त्याचा पत्ता छापलेला असे आणि खाली ठळक अक्षरांत, ‘आपला अभिप्राय अवश्य कळवा.’ पाच भाग झाले. एकानंही कळवला नाही. उकंडा जेवता जेवता उठे, दाराशी जाई, पोस्टमन गेला का बघे, परत येऊन बसे, पुन्हा उठे. त्याची बायको नलू एकदा भाजी वाढता वाढता म्हणाली, “तुमचा कोतवालच नाही, तुमचे वाचनारेबी अदृश्य हायेत.”

हे त्याला लागलं. मग त्यानं एक युक्ती काढली. बाजारात भोंगा हातात घेतला की तो खिशातून घडीचा कागद काढी आणि अभिप्राय वाचून दाखवी. नेरचे धरमसिंग म्हणतात, पुस्तक खाली ठेववत नाही. दिग्रसच्या इंदूबाई म्हणतात, हसून हसून पोट दुखलं. नावं तो बाजारातूनच उचले. कोणी कोणाला हाक मारली की ते नाव त्याच्या कागदावर आलंच. त्या दिवशी काळीपिवळी जीपवाल्यानं बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या कोणा सुखीबाईला हाक मारली होती.

“तांड्यावरच्या सुखीबाई काय म्हनतात, आइका!” उकंडा भोंग्यात ओरडला. “म्हनतात, रातभर दिवा लावून वाचलं, एका बैठकीत संपवलं!”

पुढच्या आठवड्यात तो त्याच जागी उभा होता, तर गर्दीतून आवाज आला, “कोन हाये रे तो सुखीबाईवाला?”

कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या घातलेली एक उंच बाई लिंबांची टोपली कमरेवर घेऊन आली आणि टोपली धाडकन त्याच्या पुस्तकांशेजारी ठेवली.

“मी सुखीबाई. तांड्यावरची. मले एक अक्षर येत नाही, अन् मी म्हने रातभर वाचलं! माया नवरा देवीलाल आठ दिवसांपासून काय म्हनते मालूम हाये? ‘मास्तरीनबाई, वाचन झालं असन तं चहा ठेवा!’ सारा तांडा दात काढून राह्यला माह्यावर.”

“बाई, ते दुसरी सुखीबाई असन,” उकंडा कसाबसा म्हणाला.

“दुसरी व्हती. ते मेली. ते आलती काय वाचाले?”

मिरचीच्या ओळीतल्या बाया हसू लागल्या. शेजारी बसलेल्या मारोतरावांनी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढली आणि ती सोडवण्यात असे गढून गेले, की जणू या माणसाशी आपली ओळखच नाही. सुखीबाईनं उकंडाच्या हातातला कागद ओढला. उलटा केला, सुलटा केला.

“हा तं कोरा हाये.”

उकंडानं कागद परत घ्यायला हात पुढे केला.

“मले वाचता येत नाही भाऊ. पन कोरा कोनता अन् लिहेल कोनता, एवढं समजते मले.”

हशा थांबला. उकंडाला वाटलं, भोंगा टाकून सरळ स्टँडकडे निघून जावं. पण सुखीबाईनं लिंबं एका फडक्यावर ओतली, टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसली.

“वाच आता.”

“काय?”

“सारं वाच. माया नावानं बोलाचं असन तं मले काय वाटलं ते बोल. तुले काय वाटलं ते काहून माया तोंडात घालतं?”

उकंडानं गुलाबी पानांचा सहावा भाग उघडला. आधी त्याचा आवाज चाचरत होता. एकेका चित्रावर बोट ठेवून तो वाचत गेला. सुखीबाई वाकून बघत होती.

“याच्या तोंडातून धूर काहून निघून राह्यला? बिडी पेते काय?”

“धूर नाही बाई, फुगा हाये. त्याच्यात त्याचं बोलनं लिहेल असते.”

“बोलनं दिसते अन् मानूस दिसत नाही! उलटंच हाये तुयं.”

पण ती उठली नाही. काट्यावर पाय ठेवून माप मारणाऱ्या व्यापाऱ्याचं धोतर कोतवालानं सोडलं तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. दोन गिऱ्हाइकं लिंबं विचारून गेली. तिनं त्यांना हातानंच थांबा म्हटलं. शेवटचं पान झालं. उकंडानं पुस्तक मिटलं. सहा भागांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याची गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्याच्या डोळ्यांसमोर ऐकली होती. त्याला बसवेना, उभं राहवेना. त्यानं भोंग्याचा पट्टा गळ्यातून काढला, पुन्हा घातला.

“मंग?” तो म्हणाला. “कसं वाटलं?”

सुखीबाईनं विचार केला.

“मारते चांगला. पळतेबी. पन हा खाते कवा?”

“कोन?”

“तुया कोतवाल. रातभर गस्त घालते, दिवसा दुसऱ्याचे भांडनं मिटवते. एवढ्या पानायमंदी याले कोनी भाकर इचारली नाही. माय नाही याले? बायको नाही?”

“बाई, तो अदृश्य हाये.”

“दिसत नाही म्हनून पोट नाही काय त्याले?” ती लिंबं गोळा करू लागली. “आमीबी कोनाले दिसत नाही भाऊ. भूक तं लागतेच. उपाशी मानसाचं मले काही खरं नाही वाटलं.”

ती गेली. पुस्तक विकत घेतलं नाही ते नाहीच.

परतताना काळीपिवळीत उकंडा धुमसत होता. तिला काय कळतं, असं तो म्हणाला. मग म्हणाला, गोष्टीत जेवण दाखवायची काय गरज आहे? मग खिडकीबाहेर बघू लागला, मग पुन्हा मारोतरावांकडे वळला. मारोतराव म्हणाले, “त्या बाईच्या नादी लागू नको रे तू. नीट बस, माया पाय चेंगरून राह्यला.”

लाडखेड मागे पडलं तेव्हा उकंडानं हळूच विचारलं, “मारोतराव, अदृश्य मानूस भाकर खाईन, तं भाकर दिसन काय?”

मारोतरावांचं खर्रा चघळणं थांबलं.

“दिसन. तोंडात जाईपर्यंत दिसनच.”

“मंग काढाची कशी?”

“हवेत,” मारोतराव म्हणाले, आणि स्वतःच असे हसले की ठसका लागून पुढच्या सीटवरच्या माणसाला खर्ऱ्याचा प्रसाद मिळाला.

सातव्या भागात पूर्ण पानभर ते चित्र आलं. कापूस वेचणाऱ्या बाईची झोपडी, चूल, आणि चुलीसमोर हवेत तरंगणारी ज्वारीची भाकर. एका बाजूनं चावा घेतलेला. मारोतरावांनी तिच्यावरचे करपलेले डागसुद्धा काढले होते. बाई घाबरलेली नव्हती. तिच्या तोंडाशी फुगा होता, ‘ठेचा देऊ काय संगं?’

बाजारात माणसं ते पान उघडून एकमेकांना दाखवत होती. उकंडानं मात्र त्या दिवशी पुस्तकं मारोतरावांवर सोपवली आणि तांड्याची वाट धरली. सुखीबाई अंगणात तूर झोडपत होती. तिनं काठी बाजूला ठेवून सगळा भाग ऐकला. भाकरीच्या पानावर बराच वेळ थांबली. देवीलाल मागून डोकावून म्हणाला, “मास्तरीनबाई, पास केलं काय यायले?”

“बरं हाये,” सुखीबाई म्हणाली. “पन ठेचा खाऊ घातला अन् पानी नाही पाजलं. जीभ जळली असन त्याची.”

उकंडानं हे जसंच्या तसं पुढच्या बाजारी भोंग्यात सांगितलं. लोक हसले आणि पुस्तकं घेऊन गेले. तेव्हापासून तसाच रिवाज पडला. नवा भाग छापला की आधी तांड्यावर जायचं, सुखीबाईला वाचून दाखवायचा आणि ती म्हणेल ते बाजारात सांगायचं, चांगलं असो की वाईट. आठव्या भागाला ती म्हणाली, चोर आधीच ओळखू येते. उकंडानं तेही सांगितलं. नवव्याला म्हणाली, झोप आलती मले. तेही सांगितलं, आणि मग रात्री नलूपाशी कुरकुर करत राहिला, की असं कुठं असते काय, एवढी मेहनत केली अन् बाई म्हनते झोप आली. नलू म्हणाली, “घ्या! अभिप्राय पाह्यजे व्हता ना तुमाले?”

दहावा भाग संक्रांतीनंतर पिवळ्या कागदावर निघाला. उकंडानं बाजारात ढीग मांडला, भोंगा लावला, बंद केला, पुन्हा लावला. भागाचं नाव सांगितलं, चोराचं सांगितलं. कोतवालाची बायको या भागात पहिल्यांदा येते, तेही सांगितलं. गर्दी जमली. मिरचीवाली पलीकडून ओरडली, “ते सोडा, सुखीबाई काय म्हनते ते सांगा!”

मिरचीवालीला कोणी सांगितलेलं नव्हतं. माणसं हसायच्या तयारीनं उकंडाच्या तोंडाकडे बघत होती. काहीही म्हणता आलं असतं. तिच्या बोलण्याची ढब आता त्याला पाठ होती. कोतवालाच्या बायकोला बघून ती काय म्हणाली असती, हेही त्याला साधारण ठाऊक होतं.

त्यानं भोंगा खाली घेतला.

“या भागाले अभिप्राय नाही,” तो म्हणाला, आणि पुस्तकं मागणाऱ्या हातांत देऊ लागला.

सुखीबाई देवीलाल राठोड दोन हजार आठ सालच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी तापानं वारली.