आत्या सापडत नाही

शनिवारी दुपारी ती घरी पोचली तेव्हा वडील संगणकापुढे बसून आत्याला बोल लावत होते.

"एवढं साधं कळत नाही तुला? महिनाअखेर आली की घोळ घालतेस!"

खरी आत्या आपल्या घरी सुखात होती. ही आत्या म्हणजे वडिलांच्या प्रोग्रॅमचा एक तुकडा, तारखा सांभाळणारा. नात्यातल्या झाडून सगळ्यांचे वाढदिवस आत्याला तोंडपाठ, म्हणून हिला तिचं नाव. निरोप धाडणाऱ्या तुकड्याचं नाव काका, कारण काकांच्या तोंडात तीळ भिजत नसे. आणि प्रोग्रॅममध्ये येणाऱ्याला दारातच दहा प्रश्न विचारणारी, ती मामी.

खरे काका डायलिसिसवर होते तेव्हा त्यांना दवाखान्यात कुणी न्यायचं यावरून दर आठवड्याला फोनाफोनी व्हायची. त्या फोनाफोनीला कंटाळून वडिलांनी हा प्रोग्रॅम लिहिला. एका बाजूला पेशंट, दुसऱ्या बाजूला गाडी असलेले शेजारीपाजारी. कुणाला कोण नेणार, ते आदल्या दिवशी ज्याच्या त्याच्या फोनवर. काका गेले, तरी इतर पेशंट होतेच. नोकरीत जन्मभर दुसऱ्यांसाठी प्रोग्रॅम लिहिलेल्या वडिलांना निवृत्तीनंतर हा एकच उद्योग उरला होता.

"बाबा, असली नावं जगात कुणी देत नाही," पिशवी खाली ठेवत ती म्हणाली.

"या साहेब. जगाचं जग बघेल."

"आणि ही सगळी मंडळी प्रोजेक्टच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये कशाला? दुसऱ्या मशीनवर हा प्रोजेक्ट उभाच राहायचा नाही."

"दुसऱ्या मशीनवर जाईलच कशाला? इथे त्याला काय कमी आहे?"

"आधी जेवा दोघं," आई आतून म्हणाली. "मग पोटभर भांडा."

जेवणानंतर तिने प्रोजेक्ट आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतला. सवडीने बघते म्हणाली. वडील वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसले, मग तिथेच डुलकी काढली. संध्याकाळी तिला बस स्टॉपवर सोडायला आले. बस आली तेव्हा ते एका कुत्र्याशी बोलण्यात गुंग होते, त्यामुळे धड निरोपही झाला नाही.

असा तो शेवटचा साधा दिवस. सोमवारी सकाळी चहाचा कप विसळता विसळता ते गेले.

त्यांचा संगणक मात्र चालू राहिला, जणू त्याला कुणी कळवलंच नव्हतं. गाड्या ठरत होत्या, निरोप जात होते. घरातली माणसं पांगली, फोन कमी झाले, आणि मग एका दुपारी वीज जाऊन आली ती संगणकाचा जीव घेऊनच. दुरुस्तीवाल्याने डिस्क उलटसुलट करून पाहिली. "ताई, यातून आता काही निघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी बसवाल्या काकांचा फोन आला. हे निवृत्त ड्रायव्हर. सगळ्यात जास्त फेऱ्या त्यांच्याच.

"अगं, त्या शाळेच्या बाई आज पर्स घेऊन दारात बसून राहिल्या. मला वाटलं दुसरा नेतोय, दुसऱ्याला वाटलं मी. डायलिसिस चुकलं ना त्यांचं! तुझ्या बाबाचं ते काय आहे ते चालू कर बाई."

"करते," ती म्हणाली.

तिने लॅपटॉप वडिलांच्या टेबलावर ठेवला. त्यांच्या खुर्चीत न बसता स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं आणि बिल्ड सुरू केलं, म्हणजे सगळे तुकडे जोडून प्रोग्रॅम उभा करायला घेतला. क्षणात पडदा लाल झाला. ओळी इंग्रजीत होत्या, पण तिच्या मनात त्या मराठीतच उमटल्या. आत्या सापडत नाही. काका सापडत नाही. मामी सापडत नाही. आजोबा सापडत नाही. यंत्राला मानपान कुठला?

प्रोजेक्ट तिच्याकडे होता, पण ज्यांच्या जिवावर तो उभा राहायचा ती मंडळी त्या मेलेल्या डिस्कवर राहिली होती.

आत्या लवकर सापडली. तारखांसाठी सगळं जग वापरतं तेच तयार पॅकेज वडिलांनी घेतलं होतं, फक्त नाव आपल्या घरचं ठेवून. काकांचंही तसंच. ती दोन्ही पॅकेजं तिने नेटवरून घेतली आणि पुन्हा तीच नावं दिली. मामी मात्र वडिलांनी स्वतः लिहिलेली. उरलेला प्रोजेक्ट मामीकडून कुठल्या प्रश्नांची अपेक्षा धरतो ते वाचत वाचत तिने मामी नव्याने लिहून काढली. मध्येच तिला हसू आलं. चौकशा करताना मामीचा आवाज तिला ऐकू येत होता.

आजोबा राहिले. ते काय करतात ते वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांचं नाव प्रोजेक्टमध्ये एकदाच होतं, गाड्यांची यादी निरोपासाठी काकांच्या हाती जाण्याआधी. यादी आजोबांकडे जायची आणि त्यांच्याकडून परत यायची. मानाची खुर्ची दिलेली दिसते, असं म्हणून तिने ती ओळच काढून टाकली.

बिल्ड झालं. एकही लाल ओळ नाही.

तिने खोटी नावं घालून चाचणी घेतली. एका पेशंटला गाडी मिळाली नव्हती, तरी यादी सुटली. बाकीच्यांना निरोप गेले. त्या एकाचं कुणाला काही कळलं नाही. शाळेच्या बाईंसारखाच तो दारात बसून राहिला असता.

आई भाजी निवडत होती.

"आई, आजोबा काय करायचे गं?"

"तुझे आजोबा? गिरणीत होते की."

"तसं नाही. हटून कशावर बसायचे?"

आईचे हात थांबले. कितीतरी दिवसांनी ती हसली. "जेवणावर. घरातलं शेवटचं माणूस ताटावर आल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. मी नवी सून, ओट्याशी उभी. सासूबाई म्हणायच्या, जेवा हो, ती बसेल मागून. छे! हात मांडीवर. भात गार, सगळे डोळे माझ्यावर. शेवटी मुकाट्याने बसायचे मी."

ती आत आली आणि आजोबा लिहू लागली. एक जरी पेशंट गाडीविना उरला, तरी यादी अडवून धरायची. कुणी ना कुणी हो म्हणेपर्यंत गाडीवाल्यांना विचारत राहायचं.

या वेळी यादी अडली. पुन्हा विचारणा गेली, त्या उरलेल्या पेशंटला गाडी मिळाली, आणि मगच यादी सुटली. मग तिने खरी नावं भरली.

"झालं?" आई दारात उभी होती.

"झालं." मग तिला राहवलं नाही. "पूर्ण प्रोजेक्ट शोधला मी. सगळे आहेत, मामीसुद्धा. मीच नाही."

"वेडी आहेस. त्यांची ती आत्या होती का? ते तिला माई म्हणायचे. काकांना दादा, आजोबांना अण्णा. ही नावं कुणाच्या तोंडची?"

तिने पडद्यावरची चारही नावं पुन्हा वाचली.

"कौतुक होतं गं तुझं," आई म्हणाली. "म्हणायचे, पगाराकडे बघून का होईना, पोरगी माझ्याच धंद्यात आली."

तिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "पगारासाठी नव्हते आले, बाबा. मला तुमच्यासारखं व्हायचं होतं."