एकशे पंच्याहत्तर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. जन्मतःच काळा असल्यामुळे शरमेने तोंड उतरलं तरी कुणाला दिसत नाही, एवढीच माझी सोय. जामखेडच्या रस्त्याला कल्याण मिस्त्रींचं पंक्चरचं दुकान आहे. त्याच्या दाराशी मी आडवा पडलेलो असतो. गिऱ्हाईक माझ्यावर बसून चहा पितं. याहून जास्त मानाची माझी लायकी नाही, आणि ती का नाही, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या कुशीवर आकडा उठवलेला होता, १७५. म्हणजे माझी रुंदी एकशे पंच्याहत्तर मिलिमीटर. तुमच्या मोठ्या, तीस सेंटिमीटरच्या पट्टीवर बघा, साडेसतरा सेंटिमीटर होतात. नगरमधल्या एका मोठ्या गाडीला मी आणि माझे तीन भाऊ बसलो. तिथं आमचं बरं चाललं होतं. वळणावर पकड चांगली, ब्रेक लागला की जागच्या जागी. मालक कौतुकाने आमच्यावर थाप मारायचे. दोन वर्षांनी त्यांनी नवी चाकं घेतली आणि आम्ही चौघे उतरलो. नक्षी अजून चांगली होती, म्हणून जामखेडच्या बाजारात जुन्या टायरांच्या ढिगात आलो. ढिगात सगळ्यांत रुंद मीच. मित्रांनो, त्या रुंदीचा मला फार गर्व होता.

तिथं अजिनाथ आला.

अजिनाथ दहा वर्षं ऊसतोडीला गेलेला माणूस. ऊस वाहायच्या ज्या बैलगाडीला रबरी चाकं असतात, तिला तिकडे सरळ 'टायर' म्हणतात. अजिनाथचा असा टायर होता. नंतर त्याने बैल विकले, एक जुनी छोटी मोटार घेतली, आणि गावातली माणसं बाजाराला, दवाखान्याला न्यायला लागला. मोटारीचे टायर झिजले होते. ते होते एकशे पंचेचाळीसचे. माझ्यापेक्षा तीन सेंटिमीटर कमी, अंगठ्याच्या एका पेराएवढे.

आम्हाला घेऊन तो कल्याण मिस्त्रींकडे आला. मिस्त्रींनी चष्मा वर केला.

"अज्या, हे कुणाचे आणलेस?"

"माझेच की. घाला."

"गाडीच्या दाराआड चिठ्ठी चिकटवलेली हाय, तीवर काय लिवलंय ते वाचलं का? एकशे पंचेचाळीस. रिम बारकी हाय बाबा. हा बसंल, पर कडा आत ओढल्या जातील न् पोट भाईर येईल. वजन पडलं की आतल्या पत्र्याला घासंल."

"मिस्त्री, कंपनीनं पैसं वाचवाय बारके घातलेत. उसाच्या रानात बारकं चाक रुततं, रुंद चाक दोन टन वढतं. म्या डोळ्यानं बघितलंय."

"ती बैलगाडी हुती. तिला पत्र्याचं पांघरून न्हवतं."

"तुमी घाला हो. बैल मी राखलेत, तुमी न्हाई."

मिस्त्री हसले आणि त्यांनी आम्हाला घातलं. मीही मनातल्या मनात मिस्त्रींनाच हसलो. मला कुणीतरी निवडलं होतं ना!

घरी गेलो तर अजिनाथची आई कडूबाई ओसरीतून म्हणाली, "गाडीला सूज आली का रं?"

खरं होतं. अरुंद रिममध्ये मी दाबून बसलो होतो, जसा एखादा पाहुणा पोराच्या सदऱ्यात घुसावा. स्टेअरिंग जड झालं. पेट्रोल जास्त लागायला लागलं. खड्डा आला की माझी कूस आतल्या पत्र्याच्या कडेला घासायची. 'खर्र' असा आवाज यायचा. अजिनाथ रेडिओ मोठा करायचा. मला दुखायचं, पण मी सांगणार कसं? आणि खरं सांगू, सांगावंसं वाटतही नव्हतं. बसस्टँडवर पोरं म्हणायची, "अजिनाथतात्या, गाडी लई भारी दिसतीया." ते ऐकलं की मी दुखणं विसरायचो.

अजिनाथच्या भावाची मुलगी आरती पाचवीत होती. तिचे आईबाप तेव्हा कोल्हारकडे ऊस तोडत होते आणि ती आजीजवळ राहून शाळा करत होती. जानेवारीत तिची नवोदयची परीक्षा होती. पास झाली तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथंच. नाहीतर पुढच्या हंगामात तिला आईबरोबर उसाच्या फडावर जायचं होतं, धाकट्या भावाला सांभाळायला. ही परीक्षा पाचवीतच देता येते. एकदाच. आरतीला हे पाठ होतं.

परीक्षेचा दिवस नेमका बाजाराचा निघाला. अजिनाथने पाच बाजारकरू गाडीत घेतले आणि मागच्या डिकीत त्यांतल्या छबूबाईंची विकायला काढलेली शेळी. शेळीला जागा व्हावी म्हणून स्टेपनी घरी काढून ठेवली. आरती पुढच्या सीटवर दोन बाजारकरू बायांच्या मधे, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत हॉलतिकीट. साडेअकराला पेपर होता. साडेनऊला निघालो, म्हणजे वेळ भरपूर.

गाडी खाली बसली होती. मी मागचा डावा. प्रत्येक खड्ड्याला पत्र्याची कड माझ्या कुशीत रुतत होती. दहा वाजता ओढ्यावरच्या एका मोरीवर मी फाटलो. बोटभर लांब चीर.

सगळे उतरले. शेळी ओरडायला लागली. मागून एक मोटारसायकल येत होती.

छबूबाई म्हणाल्या, "अरं, पोरीला बसवून दे त्या गाडीवर. तिचा पेपर हाय."

"परक्याच्या गाडीवर पोर कशाला धाडू, मावशी? पाच मिंटात करतो. उसाच्या रानात कितीदा केलंय."

मोटारसायकल गेली. मग अजून एक गेली.

अजिनाथकडे जुनी ट्यूब, दोन पहारी आणि हातपंप होता, ऊसतोडीतली सवय. चिरेला आतून रबराचा तुकडा लावायचा, ट्यूब घालायची, हवा भरायची. बैलगाडीचा टायर असा चालवता येतो. पण मी त्या बारक्या रिममध्ये इतका आवळून बसलो होतो की निघता निघेना. आरती रस्त्याच्या कडेला उभी राहून हळूच म्हणत होती, "तात्या, किती वाजलं?" तो म्हणायचा, "झालंच बघ." हे तिने किती वेळा विचारलं ते मला मोजता येत होतं. मी ते सांगणार नाही.

अकरा वाजता गाडी हलली. किलोमीटरभर गेलो असू. चिरेतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली आणि फुटली.

शेवटी दुधाचा टेम्पो थांबला. छबूबाई आणि बाकीचे गाडीपाशी राहिले. अजिनाथने आरतीला केबिनमध्ये चढवलं आणि चाक काढून कॅनच्या शेजारी टाकलं, जामखेडात दुरुस्त करू म्हणून. म्हणून मित्रांनो, पुढचं मी पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं.

शाळेचं फाटक बंद होतं. अकरा चाळीस झाले होते. आतून एक सर आले. त्यांनी हॉलतिकीट बघितलं आणि परत तिच्या हातात दिलं.

"बाळा, पेपर वाटून झाले. आता मला उघडता येत न्हाई गं."

अजिनाथ हात जोडत होता. सर खाली बघत होते. आरती रडली नाही. तिने फाटकाच्या गजांतून आत बघितलं आणि विचारलं, "सर, आत्ता मुलं कितव्या प्रश्नावर असतील?"

सर वळून वर्गाकडे गेले. त्या क्षणी मला आगीत टाकलं असतं तरी चाललं असतं.

कल्याण मिस्त्रींच्या दुकानात अजिनाथने वहिनीला फोन लावला. मिस्त्री टायर सोडवत होते आणि अजिनाथने चाक धरलं होतं, त्यामुळे फोन पुढ्यात ठेवून मोठ्या आवाजावर लावलेला.

"वैनी, टायर फुटला वाटंत. पोचलो न्हाई. नशीब, दुसरं काय."

पलीकडून कोयत्याचा आवाज येत होता. आरतीची आई सविता म्हणाली, "नशिबाला काय करायचं, भाऊजी." आणि फोन बंद झाला.

मिस्त्रींनी मला रिममधून ओढून काढलं. माझ्या कुशीवर घासल्याची गोल चकचकीत रेघ होती, महिनाभराची. त्यांनी ती बोटाने पुसली आणि मला अजिनाथच्या पुढ्यात उभं केलं. आरती त्या रेघेकडे बघत होती.

अजिनाथने परत फोन लावला.

"वैनी, मगाशी खोटं बोललो. नशीब न्हवतं. टायर म्याच चुकीचा घातला. मिस्त्री सांगत हुते, आईक म्हणून. महिनाभर घासत हुता, मला आईकू येत हुतं. वर पाच माणसं भरली, शेळी भरली, स्टेपनी घरी ठिवली. छबूमावशी म्हनली पोरीला दुसऱ्या गाडीवर धाड, ते बी आईकलं न्हाई." त्याने आरतीकडे बघितलं. "पुढच्या साली तिला फडावर नेऊ नका. माझ्याकडं ऱ्हाईल. जामखेडच्या शाळंत मी रोज सोडीन."

"बघू. आल्यावर बोलू," सविता म्हणाली. "आरतीला द्या."

आरतीने फोन धरला.

"जेवलीस का गं?"

"न्हाई."

"आधी जेव. मग रड."

तेव्हा कुठे आरतीला रडू आलं. मिस्त्रींनी आपला डबा उघडून तिच्यापुढे ठेवला.

त्याच संध्याकाळी अजिनाथने घरची स्टेपनी लावून गाडी दुकानात आणली आणि तिला एकशे पंचेचाळीसचे टायर बसले. गाडी हलकी निघून गेली, कुठेही न घासता. मी दाराशी राहिलो. परवा आरती त्याच्याबरोबर हवा भरायला आली होती. ती माझ्यावरच बसली, बोरं खात, बिया लांब फेकत. तिने मला ओळखलं नाही. जून अजून लांब आहे. ती जामखेडच्या शाळेत जाते की फडावर, हे मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी छोटी गाडी असेल तर चालकाचं दार उघडा, तिथली चिठ्ठी वाचा आणि मग वाकून टायरच्या कुशीवरचा आकडा बघा. दोन्ही जुळतात का ते पाहा. मोठं काही बसवायला निघालेल्या घरच्या माणसाला थांबवा. तुम्ही लहान आहात म्हणून तो ऐकणार नाही. तरी पुन्हा सांगा. मला त्या महिन्यात नुसतं 'खर्र' करता येत होतं. तुम्हाला बोलता येतं.