डोळे बांधून ट्रॅक्टर ओळखणे

आमच्या ह्यांच्या शेडमध्ये दोन जुने ट्रॅक्टर आहेत. दोन्ही लाल, एकाच कंपनीचे. फरक म्हणे एवढाच, की आधीच्या मॉडेलच्या पुढच्या जाळीत एक पट्टी जास्त असते. घरी आलेल्या माणसाला त्या पट्ट्या मोजल्याशिवाय चहा मिळत नाही.

मागच्या महिन्यात माझ्या भावाने सहज विचारलं, "जाळी झाकली तर ओळखाल का, भाऊजी?"

"जाळी तुमच्यासारख्यांना लागते. मी आवाजावरून सांगतो," असं म्हणून हे डोळ्यांवर टॉवेल बांधून खुर्चीत बसले.

भावाने एका ट्रॅक्टरची किल्ली फिरवली. बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे ट्रॅक्टर ढिम्म. नेमका तेव्हाच शेजाऱ्यांनी त्यांचा डिझेलचा पंप सुरू केला.

"आधीचा," हे मान डोलावत म्हणाले. "नंतरच्याला हा दम नाही."

मी टॉवेल सोडला. ह्यांनी गप्प उभ्या ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडच्या पंपाकडे.

"त्या पंपाला आधीच्याच मॉडेलचं इंजिन असणार," हे शांतपणे म्हणाले. "त्याला कान लागतात."

तेव्हापासून पट्ट्या मोजून झाल्या की पाहुण्यांना शेजाऱ्यांचा पंपही ऐकावा लागतो.